कलम ३७ ची नोटीस, गूगल अर्थ आणि आमचं मैदान

आधीच सांगतो, शहराचं आणि महापालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि उगाच कोणाला डिवचायचं नाही. पण ज्यांच्या एरियात असलं काही निघेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून काय काय केलं ते लिहून काढतोय, थोडं लांबलंय, समजून घ्या.

तर आमच्या सोसायट्यांच्या मागे एक मोकळी जागा आहे, कडेने ओढा जातो, पोरं क्रिकेट खेळतात, सकाळी सिनियर मंडळी फेऱ्या मारतात, पलीकडच्या वस्तीतल्या लोकांची लग्नंसुद्धा तिथेच लागतात. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे पण जागा खाजगी मालकाची, पालिकेने कधी ताब्यात घेतलीच नाही. आणि आपल्याला काय वाटतं, आरक्षण आहे म्हणजे झालं, कोण हात लावतंय. मग बी विंगमधल्या काकांनी पेपरातल्या एका जाहीर सूचनेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तो वाहूनच जायचा, पण काका रिटायर्ड सरकारी माणूस, त्यांनी खाली लिहिलं, "ही आपली मागची जागा तर नाही ना?" सूचना म्हणजे मुंगीएवढ्या टायपात, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम ३७(१) अन्वये फेरबदल, अमुक सर्व्हे नंबर, अमुक हिस्सा, खेळाचे मैदान या आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. बस. जागा कुठली, कुठल्या रस्त्याला लागून, काही नाही. सर्व्हे नंबरवरून आपलं मैदान ओळखणारा माणूस आमच्या आख्ख्या एरियात एकही नव्हता.

ग्रुपवर अर्थातच धुरळा उडाला. ऑनलाइन पिटिशन काढू, हॅशटॅग चालवू, सीएमना टॅग करू, एकाने तर रात्रीतून पोस्टर पण बनवलं. मला ह्या प्रकाराचं तेवढं कौतुक नाही, स्पष्टच लिहितो. मुंबईतल्या आरेचं उदाहरण घ्या. मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडण्याविरुद्ध लोकांनी ढिगाने हरकती दिल्या होत्या, तरी ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिलीच, ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २१४१ झाडं गेलेली. आणि सुप्रीम कोर्टाने दखल घेतली ती लॉच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून, ट्रेंडिंगवरून नाही. २०२० मध्ये ईआयएच्या, म्हणजे प्रकल्पांचा पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या नियमांच्या, मसुद्यावर देशभरातून लाखो मेल गेले तेव्हा तर मेल पाठवायला मदत करणाऱ्या काही वेबसाइटच जुलैमध्ये ब्लॉक झाल्या होत्या. गर्दीने वातावरण तापतं हे खरं, गोव्यात मोलेचं जंगल वाचवायच्या वेळी ऑनलाइन मोहिमेने तीन प्रकल्प घराघरात पोचवले, पण तिथेही कागद तयार करणारी, अहवाल वाचणारी माणसं मागे बसलेली होती म्हणून रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली. आमच्याकडे महिन्याची मुदत, तीही पेपर लोकांच्या हातात पडेपर्यंत थोडी कापली गेलेली. त्यात काय करायचं हा प्रश्न होता.

सी विंगमध्ये एक आर्किटेक्ट ताई राहतात, त्यांनी पहिलं काम सांगितलं, ओरडू नका, आधी जागा नक्की करा. डीपीची शीट पालिकेच्या साइटवर पीडीएफमध्ये आहे, इतकी जड की मोबाइलवर उघडली की फोन तापतो. महाभूनकाशा ह्या सरकारी साइटवर सर्व्हे नंबरच्या हद्दी बघितल्या, महाभूलेख साइटवरून सातबारा काढला, आणि ताईंनी ती डीपी शीट क्यूजीआयएस ह्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला एक रविवार जातो. करायचं काय तर शीटवरचे आणि सॅटेलाइट फोटोवरचे तेच ते पॉइंट जुळवायचे, शाळेचा कोपरा, कॅनॉलचा पूल, मारुतीचा चौक, असे सहा-सात जुळले की शीट बरोबर जागेवर बसते आणि मग ती गूगल अर्थवर टाकता येते. ताईंच्या डायनिंग टेबलवर आम्ही पाच-सहा जण वाकून बघत होतो, शीटवरचा आरक्षणाचा हिरवा चौकोन आमच्या मैदानावर बसला आणि त्याची एक बाजू सरळ ओढ्यातून गेली. काका म्हणाले, "म्हणजे ओढापण विकायचाय का ह्यांना?"

ताईंनी लगेच बजावलं की हे दहा-पंधरा फूट इकडेतिकडे असणार, हा मोजणी नकाशा नाही आणि तसं आपण प्रत्येक प्रिंटच्या खाली लिहायचं. तेव्हा काहींना ते पटलं नाही, कशाला आपणच आपला मुद्दा पातळ करायचा. पुढे सुनावणीत ह्याच एका ओळीने आम्हाला वाचवलं, ते पुढे येईल.

दुसरी मजा गूगल अर्थ प्रोमधल्या जुन्या फोटोंची. डेस्कटॉपवर वरती एक घड्याळाचं चिन्ह असतं, ते दाबलं की वर्षानुवर्षांचे फोटो मागेमागे नेता येतात. आमच्या ओढ्याचं पात्र दर दोन-चार वर्षांनी बारीक होत गेलेलं त्यात स्वच्छ दिसलं, आधी इकडून राडारोडा, मग तिकडून, मग त्यावर गवत, आणि गवत आलं की लोकांना वाटतं जमीनच आहे. पावसाळ्यानंतरच्या एका फोटोत तर मैदानाच्या सखल भागात पाणी साठलेलं चमकताना दिसतं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सगळ्यांना आठवतंय, भिंती पडल्या, गाड्या वाहिल्या, माणसं गेली. आमच्या हरकतीत सगळ्यात वजनदार मुद्दा हाच ठरला, पोरांचं क्रिकेट नाही. वाईट वाटतं पण खरं आहे, क्रिकेटने कोणी फाइल थांबवत नाही, पाणी घरात शिरेल म्हटलं की पेन थांबतं.

तिसरी गोष्ट महारेराच्या, म्हणजे बिल्डरांचे प्रोजेक्ट जिथे रजिस्टर होतात त्या प्राधिकरणाच्या, साइटवर सापडली. शेजारच्या प्लॉटवर एक प्रोजेक्ट चालू आहे, त्याची रजिस्ट्रेशनची कागदपत्रं तिथे कोणालाही बघता येतात, लॉगिन वगैरे लागत नाही. त्यातल्या लेआउटच्या कोपऱ्यात आमच्या मैदानाच्या जागी बारीक अक्षरात फ्युचर डेव्हलपमेंट असं छापलेलं, आणि ती कागदपत्रं नोटीस यायच्या बरीच आधी अपलोड झालेली. ह्याचा अर्थ काय काढायचा तो ज्याचा त्याने काढा, आम्ही हरकतीत आरोप केला नाही, फक्त ते पान आणि अपलोडची तारीख जोडली.

आता माहिती अधिकार. सगळे म्हणतात आरटीआय टाका, आरटीआय टाका. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, १० रुपये फी, दीडशे शब्दांत एकाच विषयावर अर्ज करायचा हा महाराष्ट्राचा नियम. पण गणित बघा, उत्तराला ३० दिवस आणि हरकतीला एक महिना. म्हणजे उत्तर हातात येईपर्यंत दुकान बंद. वर बऱ्याचदा उत्तरात मिळतं काय, तर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, मग २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. आम्ही अर्ज टाकून ठेवला, पण भरवसा ठेवला तो सोमवारच्या पाहणीवर. नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय (जीआर) आहे, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं. खिडकीवरच्या क्लार्कला हे माहीत नव्हतं किंवा माहीत नसल्यासारखं केलं, काकांनी मोबाइलवर जीआरची पीडीएफ उघडून समोर धरली, मग साहेबांना फोन झाला, मग चहा आला, मग फाइल आली. सरकारी माणसाला सरकारी माणूसच लागतो.

फाइलमधली टिपणी मी आयुष्यात विसरणार नाही. एका परिच्छेदात संपवलेलं, सदर जागा विनावापर पडून आहे, सभोवताली पुरेशी खुली जागा उपलब्ध आहे, सबब फेरबदलास हरकत नसावी. पुरेशी खुली जागा म्हणजे कुठली, तर पलीकडच्या रस्त्यावरची एक बाग जिचं निम्मं क्षेत्र पाण्याच्या टाकीने खाल्लंय. साइट व्हिजिटची तारीख नाही, फोटो नाही. पानांचे फोटो काढले, जिथे काढू दिले नाहीत तिथे हाताने उतरवून घेतलं.

विनावापर ह्या शब्दाला उत्तर द्यायचं होतं आणि तिथे मात्र ग्रुप कामाला आला. सगळ्यांना सांगितलं, आपापल्या गूगल फोटोजमध्ये मैदान शोधा. काय काय निघालं! कोणाची पहिली सायकल, वस्तीतल्या मुलीची हळद, लॉकडाऊन उठल्यावरची पहिली मॅच, गणपतीतली संगीत खुर्ची, एका आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. प्रत्येक फोटोला तारीख, बऱ्याच फोटोंना जागासुद्धा. फक्त एक लक्षात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली तारीख आणि लोकेशनची माहिती गळून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावलं. हे समजावण्यातच माझा निम्मा आठवडा गेला. काकू, खाली क्लिपचं चिन्ह आहे ना, हो ते, नाही कॅमेरा नाही, त्याच्या बाजूचं.

मग हरकती लिहिणं. इथे सगळीकडे होणारा प्रकार म्हणजे एकच नमुना टाइप करून शंभर सह्या. ताई म्हणाल्या तसं केलं तर तिकडे तो एकच मुद्दा म्हणून एका ओळीत गुंडाळतात, शंभर लोकांची हरकत असली तरी उत्तर एकच. म्हणून आम्ही नमुना दिलाच नाही. गूगल फॉर्म केला, त्यात फक्त प्रश्न, तुम्ही कुठे राहता, त्या जागेचा काय वापर करता, पावसाळ्यात तुमच्या इथे काय होतं, ही जागा गेली तर तुमचं काय जाईल. लोकांनी आपल्या भाषेत लिहिलं, आमच्यातली कॉलेजची पोरं ते फक्त अर्जाच्या साच्यात बसवायची, वर विषय आणि संदर्भ, खाली सही. ज्यांना टाइप जमत नाही त्यांनी बोलून टाइप केलं, मराठीत आता बरंच बरोबर येतं, पण आमच्या ओढ्याला लोक नाला म्हणतात आणि फोन त्याचा नाना करायचा. नानाचा प्रवाह अडवू नये, नाना पावसाळ्यात आमच्या घरात घुसतो, अशा हरकती वाचून पोरांची हसून पुरेवाट. तपासून दिल्या सगळ्या, तरी एखादा नाना पालिकेत पोचला असेल.

वस्तीत मात्र फॉर्मची लिंक चालली नाही. तिथे एक वेगळाच प्रश्न होता, काहींना कोणीतरी सांगितलं होतं की इथे स्कीम आली की तुम्हाला पक्की घरं मिळणार. नोटिशीत असलं काहीच नव्हतं, पण हे त्यांना लिंक पाठवून कसं सांगणार. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमचं मैदान जाईल दादा, आमच्यात पाणी येईल, दोन्ही एक नाही." बरोबर होतं त्यांचं. मग लॅपटॉप घेऊन तिथल्या समाजमंदिरात बसलो, भिंतीवर ते जुने फोटो लावून दाखवले, ओढा कसा आकसत गेला ते, आणि त्यांच्या हरकती त्यांनीच बोलल्या. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं ह्याच्या खुणा त्यांच्या भिंतींवर आहेत, त्यांचे फोटो काढून जोडले. आख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात भक्कम हरकती वस्तीतून आल्या, आमच्या सोसायट्यांमधून नाही.

ग्रुपचं पण सांगायला पाहिजे. चारशे-पाचशे माणसं झाली की कोण कुठला कळत नाही. उद्या सकाळी जेसीबी येणार आहे असा मेसेज रात्री अकराला फिरला, लोक पहाटे जाऊन उभे, कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा खरंच आला असता तर कोणी उठलं नसतं, आणि मला वाटतं तोच हेतू होता. मग फक्त अ‍ॅडमिन लिहिणार असा ग्रुप केला आणि गप्पांचा वेगळा. फॉर्ममधले पत्ते-फोन नंबर दोघांनाच दिसतील असं ठेवलं, कारण सुरुवातीला फॉर्मच्या उत्तरांची शीट सगळ्यांना उघडी होती आणि दोन-तीन जणांना "कशाला भानगडीत पडता" असे फोन आले.

आणि आता मुख्य. एवढं सगळं डिजिटल करून शेवटी दिलं काय, तर कागद. ईमेल पाठवा, जरूर पाठवा, आम्ही पण पाठवले, पण आवक खिडकीवर शिक्का आणि नंबर पडलेली पोच हातात नसेल तर तुम्ही काही दिलंच नाही असं समजा. प्रत्येक हरकतीच्या दोन प्रती, एक तिकडे, एकीवर शिक्का, शिक्क्याचा तिथेच फोटो, फोटो ड्राइव्हवर, आवक नंबर एका शीटमध्ये. कंटाळवाणं काम आहे. खिडकीवर एका माणसाच्या नावाने ढीग घेत नव्हते म्हणून कॉलेजच्या पोरांनी पाळ्या लावून दिल्या. चारेकशे हरकती गेल्या, मुदतीच्या आत.

सुनावणीच्या दिवशी ती शीटच उपयोगी पडली. पत्रं सगळ्यांना आलीच नव्हती. तिथे गेलो तर त्यांच्या यादीत आमच्यातली बरीच नावं नाहीत, ईमेलवाले तर जवळपास सगळे गायब. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले यादीत नाही त्यांना ऐकता येणार नाही. आमच्यातल्या एका मुलीने लॅपटॉप उघडून आवक नंबरने एकेक पोच दाखवायला सुरुवात केली, हा नंबर, हा शिक्का, ही तारीख. दहाएक झाल्यावर साहेबांनी बाजूच्या माणसाकडे बघितलं, तो उठून आत गेला आणि एक गठ्ठा घेऊन आला. आवाज न चढवता झालं हे सगळं.

बोलायला प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. आम्ही मुद्दे वाटून घेतले होते त्यामुळे तेच तेच झालं नाही. कलम ३७ चा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नसेल तरच करता येतो, आणि एरियातलं एकुलतं एक मैदान गेल्यावर स्वरूप बदलत नाही असं कसं, हा मुद्दा काकांनी मांडला. ताईंनी ए-थ्री साइजचे प्रिंट टेबलावर ठेवले. मालकाकडून आलेल्या वकिलांनी लगेच पकडलं, गूगलचा नकाशा ग्राह्य धरता येत नाही. ताई म्हणाल्या, अगदी बरोबर, आम्हीच खाली लिहिलंय, म्हणून तर भूमी अभिलेख खात्याकडून ओढ्याच्या हद्दीसकट मोजणी करून घ्या एवढंच मागतोय. त्यावर त्यांना बोलण्यासारखं राहिलं नाही. साहेबांनी प्रिंट उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हे तुम्ही कुठून करून घेतलं, एजन्सी कुठली? घरी केलं म्हटल्यावर त्यांना पटलं की नाही माहीत नाही.

निर्णय लगेच काही येत नाही. मध्ये बरेच महिने गेले, प्रशासक असल्यामुळे नगरसेवक गाठण्याचाही मार्ग नव्हता. शेवटी ठराव झाला त्यात सुनावणीचा अहवाल जोडलाय, ओढ्याची मोजणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये असा शेरा आहे आणि प्रस्ताव फेरतपासणीला टाकलाय. फेटाळलेला नाही, हे ग्रुपवर दहा वेळा लिहावं लागलं कारण लोकांनी पेढे वाटायला घेतले होते.

मालकावर माझा राग नाही, हेही लिहून टाकतो. वर्षानुवर्षं जमिनीवर आरक्षण, ना पैसे ना टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क) ना बांधता येतंय, माणूस काहीतरी वाट शोधणारच. आता त्यांनी पालिकेला त्याच कायद्याच्या कलम १२७ ची खरेदी नोटीस दिली आहे, म्हणजे जागा विकत घ्या नाहीतर सोडा. डीपी लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नसेल तर मालक अशी नोटीस देऊ शकतो, आणि मग २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप जातं, कोणाच्या हरकती मागवायच्या नाहीत की सुनावणी नाही. म्हणजे आत्तापर्यंत पालिकेला काही करू नका म्हणून सांगत होतो, आता उठा आणि करा म्हणून मागे लागायचंय, जे कितीतरी अवघड आहे. आवक नंबरच्या त्याच शीटमध्ये आता नवा टॅब केलाय, खरेदी नोटिशीची तारीख, बजेटमध्ये भूसंपादनाला तरतूद आहे का, मालकाला टीडीआरचा प्रस्ताव गेला का, मोजणीची फी भरली का. राजपत्राच्या विभागीय पुरवण्या ऑनलाइन येतात, त्या बघायची पाळी विंगवार लावली आहे, ह्या महिन्यात ए विंग. आणि कोणाकडे १२७ च्या नोटिशीनंतर पालिकेने खरंच जागा विकत घेतल्याचा अनुभव असेल, कुठल्या हेडखाली पैसे टाकायला लावले, कोणाकडे पाठपुरावा केला, तर प्लीज सविस्तर लिहा, आम्हाला आत्ता तेच हवंय.